ताईच्या हातांसाठी कॅमेरा

४ तारीख, सोमवार

डॉक्टरांनी आज सांगितलं की माझ्या हृदयाची एक झडप बदलावी लागेल. ही गोष्ट घरात लपवायची तर कागदाशिवाय जागा नाही, म्हणून ही वही सुरू केली. ताईला लिहिलेलं वाचता येत नाही. माझा चेहरा मात्र तिला मोठ्या टायपातल्या पुस्तकासारखा वाचता येतो, त्यामुळे आज जेवताना मी सतत खिडकीबाहेर पाहत होते.

पंचवीस तारखेला दाखल व्हायचं आहे. धोका किती, असं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या वयाच्या मानाने कमी." मी नोकरीभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. 'मानाने कमी' हे माप मी कुठल्या भाजीवाल्यालाही चालू दिलं नसतं.

झडपेचं त्यांचं ते बघतील. माझी काळजी वेगळी आहे. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यासारख्यांची शाळा तेव्हा फार लांब होती आणि तिला तिथे ठेवायला आईचा जीव धजला नाही. म्हणून आई, ताई आणि मी अशा तिघींच्या हातांत घरच्या घरीच एक भाषा तयार झाली. ती दुसरीकडे कुठेच बोलत नाहीत. आई गेली. भाऊ तरुणपणीच घराबाहेर पडला होता, त्याला मोडकीतोडकी यायची, तोही गेला. आता ही भाषा येणारी माणसं जगात दोन आहेत आणि त्यांतल्या एकीला टेबलावर आडवं व्हायचं आहे. त्या दिवशी ताईच्या पोटात दुखलं तर ती सांगणार कोणाला?

(ताईचं बोलणं मी इथे शब्दांत लिहीन. ते हातांनी झालेलं असतं, हे वेगळं सांगत बसणार नाही.)

६ तारीख, बुधवार

टकळीला बोलावून घेतलं. टकळी म्हणजे भावाची मुलगी. लहानपणापासून जिभेला विसावा नाही म्हणून हे नाव पडलं, आणि आता ती एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून त्यांना उत्तरं देते. बोलण्याचाच पगार घेते.

तिला झडपेचं सांगितलं. डोळे भरून आले तिचे.

"रड, पण भिंतीकडे तोंड करून," मी म्हणाले. "ताई चहा टाकते आहे. आत्ता येईल."

"आत्या, तू ना, दगड आहेस."

"दगड तर दगड. ऐक. मी नसेन तेव्हा तू इथे राहायचं. तुला खुणा येतात किती?"

"ये, जा, जेव, झोप. आणि ड्रायक्लीनरची."

ड्रायक्लीनरची सगळ्यांनाच येते. तो ताईला रफूचे कपडे आणून देतो आणि बोलता बोलता स्वतःचं नाक ओढतो. त्यामुळे नाक ओढलं की ड्रायक्लीनर.

मी ठरवलं आहे ते असं: सगळ्या खुणांची चित्रफीत करायची, शब्दकोशासारखी, एकेक खूण सुटी. टकळीने लगेच फोन काढून ताईचं थोडं चित्रण केलंसुद्धा. खोलीच्या उजेडात ताईचे हात पंख्याच्या पात्यांसारखे पुसट झाले आणि फोनचा पडदा बघायला ताई हातातलं काम टाकून आली. टकळीचं म्हणणं पडलं की नवशिक्यांसाठीचे डीएसएलआर कॅमेरे असतात, त्यांतला एक घेऊ. "फोटोही येतील चांगले. मोठ्या आत्याचा एक धड फोटो नाही या घरात."

हे खरं आहे. आहेत त्या सगळ्या फोटोंत ताई कोणाकडे तरी बघत मान वळवून उभी आहे.

७ तारीख, गुरुवार

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण, बोलका. टकळीला जोड मिळाली.

"फोटोसाठी की व्हिडिओसाठी, मॅडम?"

"दोन्ही. व्हिडिओ जास्त."

"मग वेगळा माइक घ्यावाच लागेल. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक म्हणजे डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं."

"आवाज नको."

"म्हणजे, कमी हवा?"

"अजिबात नको."

त्याने टकळीकडे पाहिलं. "नाचबिच आहे का?"

"रफू," मी म्हणाले.

मग तो माझ्याकडे निरखून पाहायला लागला. "तुम्ही वजनमापेवाल्या बाई ना? तुम्ही रस्त्याच्या टोकाला दिसलात की आमचे काका दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचे. कपाळावरच्या आठीवरून ओळखलं. अजून तशीच आहे!"

"काटा हलका होता काकांचा," मी म्हणाले. टकळी खोकायला लागली.

त्याने दोन कॅमेरे समोर ठेवले. दोन्ही नवशिक्यांचे, दोन्हींबरोबर साधी लेन्स. त्यांतल्या एकावर हात ठेवून 'हा घ्या, डोळे झाकून' असं म्हणाला. डोळे झाकून मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. दोन्ही भाड्याने घरी आणले. तपासून एक ठेवणार, दुसरा परत. दोघांच्या जाहिरातीची पत्रकं मुद्दाम वाचली नाहीत. मालाची किंमत मालावरून करावी.

जिन्याच्या वळणावर पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जरा थांबले. कॅमेरे दिसतात त्यापेक्षा जड असतात.

९ तारीख, शनिवार

तपासणी. एकच तिपाई, एकच खिडकी, सकाळची एकच वेळ. वस्तूही एकच: ताई, आणि तिच्या मांडीवर कोपरात विरलेला एक कोट.

पहिला कॅमेरा हलका, हातात नीट बसतो. फोटोत तो सरळ पुढे आहे. कोटाचा करडा रंग करडाच आला आणि ताईच्या सुईत ओवलेला दोरा वेगळा मोजता येतो. एका फोटोत तिने ओठांत सुई धरली आहे आणि कोटाकडे अशी पाहते आहे की जणू कोट काही सांगतो आहे. इतका चांगला फोटो आमच्या घरात नव्हता. मी बराच वेळ तो बघत बसले. टकळीने विचारलं, "काय बघतेस?" मी म्हटलं, "फोकस."

दुसरा जाडजूड. फोटो ठीक, पण सावल्यांमध्ये मळकट. पडदा मात्र बिजागरीवर बाहेर उघडतो आणि हवा तसा फिरतो. मला ही चैन वाटली. बिजागरी म्हणजे मोडायची जागा.

चित्रणासाठी दोन्हींचं शटर वेगात ठेवावं लागतं, नाहीतर हात पुसट येतात. वेग वाढवला की ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकतात. म्हणजे फक्त खिडकीचा उजेड. आणि ताईची जागा खिडकीला पाठ करून, उजेड कामावर पडावा म्हणून. तिला खिडकीसमोरच्या माझ्या खुर्चीत बसवलं. आमच्या घरात नियमच आहे की जिला बोलायचं तिने उजेडाकडे तोंड करावं. इतकी वर्षं पाळलेला नियम आज कॅमेऱ्याने मला शिकवला, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१० तारीख, रविवार

शब्दकोशाचा पहिला दिवस. फजिती.

मी कॅमेऱ्यामागून ताईला म्हटलं, 'पाणी' दाखव. ती उठली आणि पेला भरून घेऊन आली. मी म्हटलं, पाणी नको, पाण्याची खूण कर. म्हणाली, "तूच तर केलीस आत्ता." 'औषध' म्हटलं तर काळजीने माझ्याकडे पाहिलं आणि औषधांचा डबा आणला. 'दुखतंय' म्हटलं तर कॅमेरा बाजूला सारून माझा हात धरला आणि कुठे, कुठे, म्हणून विचारत राहिली. मला तिथून उठावं लागलं.

टकळी म्हणाली, "आत्या, तीही बरोबरच आहे. मला कोणी येऊन नुसतं 'आग' म्हणालं तर मीही धावेनच ना."

१२ तारीख, मंगळवार

मग सुटे शब्द सोडले आणि गप्पाच चित्रित करायचं ठरवलं. पहिला कॅमेरा घेऊन त्याच्या पाठीवरच्या इवल्या खिडकीला डोळा लावला. चित्र कसं दिसतंय हे नीट कळायला तेच बरं वाटतं. ताई दोन वाक्यं बोलली आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसली. मी खुणेने म्हटलं, बोल. ती नाही. तोंड फिरवलं तिने.

शेवटी टकळीच्या ध्यानात आलं. माझा चेहरा कॅमेऱ्यामागे होता. आमच्या घरात समोरच्याने चेहरा झाकला म्हणजे त्याने ऐकणं बंद केलं. आईसुद्धा भांडण संपवायचं असलं की पदराने तोंड पुसायला घ्यायची. मी तेच करत होते, आणि वर 'बोल' म्हणत होते.

खिडकीला डोळा न लावता मागच्या पडद्यावर बघून चित्रण करता येतं, पण पहिल्याचा पडदा पाठीला घट्ट. तो बघायला मला मान खाली घालावी लागते, ताई पुन्हा थांबते. शिवाय चित्रण चालू असताना त्याचा फोकस भरकटतो. ताईने हात पुढे आणला की तो हातांमागे धावतो आणि चेहरा धूसर होतो. ताईच्या बोलण्यात चेहरा नसला की प्रश्न कुठला आणि हुकूम कुठला तेच कळत नाही.

दुसऱ्या कॅमेऱ्याचा पडदा बाहेर काढून माझ्याकडे वळवला. कॅमेरा तिपाईवर, मी त्याच्या शेजारी उघड्या चेहऱ्याने. हात पुढे येवोत, मागे जावोत, त्याचा फोकस चेहऱ्यावर बसला तो बसला. बॅटरी मात्र खातो.

ताई लगेच बोलायला लागली.

१४ तारीख, गुरुवार

निकाल: फोटोत पहिला, बोलण्यात दुसरा. दुसरा ठेवला.

पहिला परत करायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, फोटो याचेच चांगले, पुन्हा विचार करा." माझा विचार करून झालेला आहे. ओठांत सुई धरलेला तो फोटो छापून देतोस का, एवढंच विचारलं. त्याने छापून दिला.

१७ तारीख, रविवार

नवीन अडचण. माझ्याशी बोलताना ताई इतकं थोडक्यात बोलते की त्यातून टकळीला काही शिकता येईना. आम्ही दोघी अर्ध्या बोटात बोलतो. ती भुवई उचलते आणि मी गॅस बंद करून येते. टकळी चित्रफीत बघून म्हणाली, "यात कोणीच काही बोललं नाही."

तेव्हा उपाय असा की ताईने टकळीशी बोलावं. टकळीला येत नाही, म्हणून ताई सावकाश, पूर्ण बोलेल. पण मी खोलीत असले की ताई माझ्याकडे वळते, 'हिला सांग' म्हणून. मग मीच निघाले. कॅमेरा सुरू करून दिला, दार ओढून घेतलं, खाली रस्त्यावर फेऱ्या मारत राहिले. घराबाहेर घालवल्यासारखं वाटलं. वर बघितलं तर खिडकीत टकळीचे हात दिसत होते, वाऱ्यात सापडलेल्या कपड्यांसारखे. भयंकर चुकत होती.

१८ तारीख, सोमवार

टकळी कामावर. ताई आंघोळीला गेल्यावर कालची चित्रफीत लावली.

चांगली आहे. ताई शिकवते मात्र झकास. टकळीने 'भूक' च्या जागी 'सासू' केलं, तेव्हा हसून हसून ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने टकळीची बोटं एकेक करून जागेवर लावली, रफूचे धागे लावते तशी.

शेवटचा भाग मात्र मला कळला नाही. ताई कोणा बाईबद्दल सांगते. तिच्यासाठी केलेली खूण मी कधी पाहिलेली नाही: दोन भुवयांच्या मधली कातडी चिमटीत धरायची आणि सोडायची. सांगते ते असं: "ती जिना चढते. वळणावर थांबते. पिशवी या हातातून त्या हातात घेते. पिशवी जड नसते. मी वर दाराशी असते. मग मागे येऊन बसते आणि सुईत दोरा ओवत असल्यासारखं करते. ती आत येते, मी वर बघत नाही. तिला वाटतं मला माहीत नाही. बिचारी." आणि मग: "तिला काही झालं तर मला खरं सांगशील? गोड चेहरा करून नाही. खरं."

ड्रायक्लीनरची आई असणार. तिला दमा आहे, मधूनमधून तीच कपडे घेऊन येते. पण तिच्यासाठी ताईचा एवढा जीव तुटतो हे मला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता हात छातीवर ठेवून राहिली होती.

खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं. इतकं मोठं चित्रण आणि त्यात माझ्याबद्दल एक अवाक्षर नाही.

१९ तारीख, मंगळवार

टकळी संध्याकाळी आली तेव्हा तिला म्हटलं, ड्रायक्लीनरच्या आईची खूण ही अशी, लिहून ठेव.

"कोण ड्रायक्लीनरची आई?"

मी चित्रफीत लावून दाखवली. टकळी चित्रफीत बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

"आत्या, ही तू आहेस."

"माझी खूण नाही."

"आहे. मीही विचारलं, कोण म्हणून. तिने दाराकडे बोट केलं, तू गेलीस त्या दाराकडे. ते फ्रेमच्या बाहेर राहिलं."

मी म्हटलं, माझी खूण असती तर मला माहीत असती. एका घरात आयुष्य काढलं आम्ही.

"तुला कशी माहीत असेल?" टकळी म्हणाली. "तुझ्या तोंडावर ती तुला नावाने कशाला हाक मारेल? नुसतं बोट करेल. नाव लागतं ते तिसऱ्या माणसाजवळ."

तिसरं माणूस. आई गेल्यापासून या घरात तिसरं माणूस नव्हतंच.

आज पुढे लिहीत नाही.

२० तारीख, बुधवार

सकाळी ताईच्या समोर बसले, उजेडाकडे तोंड करून. सगळं सांगितलं. झडप, दवाखाना, पंचवीस तारीख. 'झडप' साठी खूण नव्हती. तळहातांचं दार करून उघडमीट करून दाखवलं, आणि नीट बंद न होणारं दार.

"किती दिवस लपवलंस?"

"झाले काही."

"दार बिघडलंय हे मला आधीच माहीत होतं. कुठलं ते माहीत नव्हतं." मग चिडली. कोट बाजूला फेकला. "मी रोज तुझ्या चेहऱ्यावर उभी असते आणि तू पडदा ओढतेस. आईसारखं. मी लहान आहे का? तुझ्यापेक्षा मोठी आहे!"

मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, मोठ्याने म्हण. म्हणजे हात मोठे करून. मी हात मोठे करून म्हटलं.

मग विचारलं, ही कपाळाची चिमटी कुठून काढलीस? आठ्याळ बाई म्हणून? ऑफिसात लोक पाठीमागे म्हणायचेच, तूही?

तिने मान हलवली. सावकाश बोलली, टकळीशी बोलते तशी. "लहानपणी मी कोणाशीही बोलायला गेले, की लोकांची कपाळं सपाट असायची. हसायचे, मान डोलवायचे, कपाळ सपाट. म्हणजे ऐकत नाहीयेत. तू एवढीशी होतीस, रांगत होतीस. मी हात हलवले की तुझ्या इथे आठी पडायची. आईला सांगायला मला तुझं काहीतरी नाव हवं होतं. मी हे ठेवलं. जी ऐकते ती."

तिने अंगठ्याने माझं कपाळ पुसलं, कापडावरची सुरकुती काढतात तसं. आठी गेली नाही म्हणे.

२२ तारीख, शुक्रवार

टकळी सुट्टी काढून राहायला आली आहे. सकाळपासून दोघींची चित्रणं चालू आहेत. मला खोलीतून दोनदा हाकललं. आज टकळीने ताईला ऑफिसातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट पूर्ण सांगितली, मध्ये मला न विचारता. निम्मी चुकीची, पण ताई योग्य जागी हसली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. टकळीच्या कपाळावर चांगली ठसठशीत आठी होती.

ताईचं एक म्हणणं ठाम आहे: "मी घरी बसणार नाही. दवाखान्यात येणार. डॉक्टर बोलेल, ही हातांनी सांगेल, आणि मी डॉक्टरचं तोंड बघेन. दोन्ही जुळलं नाही तर मला कळेल." तपासणीची पद्धत बिनतोड आहे. माझ्या हाताखाली असती तर शहरात एक काटा हलका राहिला नसता.

२४ तारीख, रविवार

उद्या सकाळी निघायचं. सवय आहे म्हणून सुपूर्दनामा केला, दुपारी, तिघी टेबलाशी असताना.

कॅमेरा, पडदा उघडणारा, एक, पट्ट्यासह: टकळीकडे. लेन्स, त्याच्यासोबत आलेली, एक. बॅटऱ्या दोन, चार्जर एक. एक बॅटरी सदैव भरलेली असावी. तिपाई, एक पाय किंचित सैल, तो खिडकीच्या बाजूला ठेवू नये. कार्ड, आजपर्यंतच्या सर्व चित्रणांसह. पुढची चित्रणंही त्यावरच करावीत, मी असो वा नसो, थांबवू नयेत.

त्याखाली मी लिहिलं: ताई, टकळीकडे.

"हे खोड," टकळी म्हणाली. "माणसं काय सुपूर्द करतात, आत्या?"

ताईने विचारलं, काय भांडताय? टकळीने सांगितलं, हातांनी, बरीचशी बरोबर. ताईने वही ओढून घेतली, नेमकी ती ओळ कुठली हे विचारून तिच्यावर नख ओढलं आणि मला सांगितलं तसं मी लिहिलं: टकळी, एक, ताईच्या ताब्यात. जेवण वेळेवर देणे. बोटं सुधारून घेणे.

मग तिने पानाच्या तळाशी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, आणि माझ्या छातीवर. इथे काय लिहिलंस? मी म्हटलं, काही नाही. लिही, म्हणाली.

लिहिलं: मी, एक. उद्या सकाळी ताईकडून दवाखान्याकडे, दुरुस्तीसाठी. परत घेणार: ताई, स्वतः येऊन, तपासून.

सहीच्या जागी टकळीने नाव लिहिलं. ताईने सुई घेतली आणि कागदावर निळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले, आणि मागच्या बाजूने गाठ मारली.